शब्दकोडं : शर्यतीची गावं घरांत बसेनात!

कोडेखोर
मंडळी, एक थीमवालं शब्दकोडं करतोय, मोटर रेसिंगची गावं. यादी झकास झाली, मॉन्झा, इमोला, सुझुका, ल माँ, स्पा, पण घरांत भरायला बसलो आणि डोकंच फिरलं. स्पा एका घरात खलास, मॉन्झाच्या दुसऱ्या घरात न्झा येतोय, त्यावरून उभा शब्द कुठला आणू आता?

उभंआडवं
मोंझा लिही की! अनुस्वार पहिल्या घरात गेला, दुसऱ्यात नुसता झा उरला, मग झाड, झाकण काय हवं ते घे. सुझुका तर सोनं आहे, मधल्या झु वरून खाली झुरळ सोड. इंडियानापोलिसची सात घरं आणि एकही जोडाक्षर नाही, आख्खी आडवी ओळ त्यालाच दे. न्युरबर्ग घेतलंस तर तळाला ठेव, र्ग ने सुरू होणारा शब्द नाही पण संपणारे आहेत, मार्ग, वर्ग, स्वर्ग. आणि ल माँ की ले मान्स ते आधी ठरव, एकाची दोन घरं दुसऱ्याची तीन, सोडवणारा शिव्या घालतो (मी घातल्यात).

खोडरबर
अक्षरं बसतील रे, खरी गंमत क्लूमध्ये आहे. '1923 पासून 24 तासांची शर्यत' लिहिलंस की रेसिंगवाला वाचता वाचता ल माँ भरून मोकळा, आणि बाकीचे पान उलटतात. त्यापेक्षा गावाकडून ये ना. स्पा म्हणजे बेल्जियममधलं खनिज पाण्याच्या झऱ्यांचं गाव, जगभरच्या स्पाला स्पा म्हणतात ते त्याच्यामुळेच, रेसिंगचं नावही काढायला नको. सुझुकाला 'जपानमधलं गाव, इथला ट्रॅक पुलावरून स्वतःलाच ओलांडतो'. ड्रायव्हर चालणार असतील तर 'तीनदा जगज्जेती ठरलेली ब्राझीलची फौज (2)'.

कोडेखोर
सेना!!! ब्राझीलचा ड्रायव्हर आयर्टन सेना! आईशप्पथ, घेतला. पण स्पाचा क्लू कितीही भारी असला तरी घर एकच ना राव.

उभंआडवं
मग आडवं स्पार्टा टाक, 'बेल्जियमच्या शर्यतगावाने सुरू होणारं जुनं ग्रीक नगर (2)'. र्टा वर संपणारा उभा शब्द मी देतो, कार्टा. क्लू तुझ्या घरचे सांगतील.