मदत हवी आहे : गोळ्या बंद केल्यात, पण पाळीचा हिशोब लागेना (सोलापूर)

नमस्कार. घरात मोकळेपणाने बोलता येत नाही म्हणून इथे विचारतेय.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. तिशी अजून गाठायचीय. लग्नानंतर माला-डी चालू होती, कारण यांच्या नोकरीचं बस्तान बसेपर्यंत मूल नको असं दोघांचं ठरलेलं. दिवाळीत पाकीट संपलं, नवं आणलं नाही. लगेच पाळी आली, वाटलं सुरळीत झालं. पुढची मात्र गड्ड्याची जत्रा आली तरी नाही. किट आणून तपासलं, एकच रेघ. शेवटी आली आणि आता परत लांबलीय. गोळ्या चालू असताना पाकिटाच्या शेवटी असलेल्या त्या तपकिरी लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की दोन-तीन दिवसांत पाळी हजर, कधी चुकली नाही.

सासूबाई म्हणतात, "गोळ्या खाऊन पिशवी वाळवून घेतलीस की गं." शेजारच्या मावशींच्या मते उष्णता झालीय, सब्जा पी आणि शेंगाचटणी बंद कर. सोलापुरात राहून शेंगाचटणी बंद! डॉक्टरांनी फॉलिक अ‍ॅसिड लिहून दिलं, "थोडं थांबा" म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

थोडं म्हणजे किती? मोबाइलवरचं अ‍ॅप चौदावा दिवस धरायला सांगतं, ते बरोबर आहे का? आणि हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत डाइंगला आहेत, दिवसभर बॉयलरजवळ उभे. त्याचा काही परिणाम होतो का? तपासणीला ते तयार आहेत, पण घरात सूर असा की आधी सुनेचं सगळं बघून घ्या.

प्रतिसाद १

ताई, पिशवी वाळत-बिळत नाही. या गोळ्या अंगात साठून राहत नाहीत. चालू असतात तोवर बीज बाहेर पडू देत नाहीत, एवढंच. काहींना तर बंद केल्यावर पहिल्याच महिन्यात दिवस जातात, बऱ्याच जणींची पाळी तीनेक महिन्यांत रुळावर येते. उशीर लागतो तो अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनला, त्याचा असर जायला बरेच महिने जातात. लोक दोन्हींची गल्लत करतात.

तुमची ती वेळेवर येणारी पाळी खरी नव्हतीच. हार्मोनच्या गोळ्या थांबल्या की पिशवीचं अस्तर सुटतं, तो रक्तस्राव. बंद केल्यावर लगेच आलेली पाळीसुद्धा त्यातलीच. म्हणून माझा प्रश्न : गोळ्यांच्या आधी पाळी कशी यायची? मूळची अनियमित असेल तर गोळ्यांनी ती झाकली होती.

अ‍ॅपचा चौदावा दिवस सोडून द्या. बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं. चक्र चाळीस दिवसांचं असेल तर तो दिवस सव्वीसच्या आसपास पडतो. अंगावरून जाणारं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरू लागलं की ते दिवस जवळ आले समजा. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज जेमतेम एक दिवस. तेव्हा एकच तारीख धरून बसू नका, एक-दोन दिवसाआड संबंध ठेवा.

किती थांबायचं? पस्तिशीच्या आत एक वर्ष, त्यानंतर सहा महिने प्रयत्न करून मग तपासण्या, असा सर्वसाधारण नियम. पण तो पाळी नियमित असणाऱ्यांसाठी. तुमची अशीच लांबत राहिली तर आत्ताच थायरॉइड, प्रोलॅक्टिन या हार्मोनची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. फॉलिक अ‍ॅसिड चालूच ठेवा.

प्रतिसाद २

वहिनी, दादांची वीर्यतपासणी आधी करा. सगळ्यांत सोपी तीच. सततच्या उष्णतेने शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो आणि ते तयार व्हायलाच अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे आज ड्युटी बदलली तरी फरक दिसायला वेळ जाणार. नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. लॅबमध्ये संकोच वाटत असेल तर लॅबला विचारून, त्यांच्याच डबीत नमुना घरून नेता येतो. तासाभरात पोचवायचा आणि शर्टाच्या आत अंगाला लागून ठेवायचा. गाडीच्या डिकीत टाकला तर आपल्या उन्हात गेलाच कामातून.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. लग्नाआधीही माझी पाळी दीड-दोन महिन्यांनीच यायची. आई म्हणायची, लग्न झालं की लागेल रांगेला. म्हणजे वर्षभर थांबायचं नाही, असंच ना? हे पुढच्या सुट्टीला नमुना द्यायला तयार आहेत, सासूबाईंना ते स्वतः सांगणार. सात रस्ता किंवा होटगी रोडच्या बाजूला नवरा-बायको दोघांना समोर बसवून नीट समजावणाऱ्या लेडी डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? नाव व्यनितून (खासगी निरोपातून) कळवलं तरी चालेल.