फेथची गुलाबी फीत: खरी की भास?

अबोली: अमेरिकन लेखक नथॅनिएल हॉथॉर्नची 'यंग गुडमन ब्राऊन' ही कथा तिसऱ्यांदा वाचली आणि पुन्हा त्या फितीपाशीच अडले. बायको फेथला घरी ठेवून ब्राऊन रात्री रानात जातो, तिथे वरून काहीतरी तरंगत येतं, फांदीला अडकतं. तो ते ओढून बघतो, तर गुलाबी फीत, बायकोच्या टोपीला असते तशीच! 'माझी फेथ गेली' म्हणत तो वेड्यासारखा सैतानाच्या सभेकडे धावत सुटतो. सकाळी आपल्या सेलम गावात परततो तेव्हा फेथ समोर उभी, फिती जागच्या जागी. स्वप्न म्हणावं तर फीत हाताला लागली होती. खरं म्हणावं तर ती परत टोपीवर कशी? लग्नाला जेमतेम तीन महिने झालेल्या त्या मुलीसाठी जीव तुटतो हो.

पानगळ: मला स्वप्नच वाटतं. निवेदक स्वतःच तसं विचारून ठेवतो. एक मात्र सांगते, फेथ म्हणजे श्रद्धा, आणि मराठीत श्रद्धा हे बाईचंही नाव. 'माझी श्रद्धा गेली' म्हटलं की दोन्ही अर्थ आपसूक येतात.

दीपमाळ: अबोली, फीत खरी की खोटी यापेक्षा ब्राऊनने तिच्यावर निकाल कसा दिला ते बघा. 1692 मध्ये सेलमच्या चेटूक खटल्यांत 'स्पेक्ट्रल एव्हिडन्स' चालायचा. 'तिची आकृती रात्री येऊन मला छळते' असं कुणी सांगितलं की बाई अडकली, मग ती स्वतः घरात का झोपलेली असेना. एकोणीस जण फासावर गेले. त्या खटल्यांतला एक न्यायाधीश, जॉन हॅथॉर्न, म्हणजे लेखकाचा खापरपणजोबा. रानात ब्राऊनला दिसतात त्या आकृत्याच. कुठे फक्त आवाज, कुठे धूर, कुठे आगीच्या उजेडातले गावकऱ्यांचे चेहरे. तेवढ्यावर तो अख्खं गाव दोषी ठरवतो. रानात दिसणाऱ्या म्हातारीचं गुडी क्लॉइस हे नावही सहज आलेलं नाही. सारा क्लॉइसवर तेव्हा खरोखर आरोप झाला होता. ती सुटली, पण तिच्या दोन बहिणींना फाशी झाली. कथेत तीच बाई सैतानाची जुनी ओळखीची निघते आणि आपणही क्षणभर ते खरं मानतो! वाचकालाही लेखकाने त्या न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलंय.

पानगळ: हे लक्षातच आलं नव्हतं. मीही क्लॉइसबाईला चेटकीण धरूनच चालले होते.

अबोली: दीपमाळ, तुमचं वाचून पहिलं पान पुन्हा उघडलं. फेथ विनवते, आजची रात्र जाऊ नका. त्यावर तो म्हणतो, लग्नाला तीनच महिने झाले आणि एवढ्यात माझ्यावर संशय? संशय हा शब्द आधी त्याच्याच तोंडी येतो! आणि पुढे जन्मभर, मध्यरात्री जाग आली की तिच्या कुशीतून तो दचकून दूर होतो. शेवटी त्याच्या प्रेतामागून म्हातारी फेथ चालत जाते, मुलंनातवंडं बरोबर. इतकी वर्षं तो असा का वागला, हे तिला कुणी सांगितलंच नसेल.