जुहू विमानतळ एक्स-प्लेनमध्ये: हँगरमधून इमारत डोकावते, मदत हवी

पार्लेपूर्व

नमस्कार मंडळी. दोन महिने झाले, एक्स-प्लेन १२ या संगणकावरच्या उड्डाण-सिम्युलेटरसाठी वर्ल्ड एडिटरमध्ये, म्हणजे त्याच्या सीनरी बनवायच्या प्रोग्रॅममध्ये, मुंबईचा जुहू विमानतळ (कोड व्हीएजेजे) नव्याने मांडतोय. मला स्वतःला उडवायची हौस आहेच, पण हे काम बाबांसाठी चाललंय. ते जुहूला ३१ वर्षं हेलिकॉप्टर मेकॅनिक होते, त्यातली बरीचशी डॉफिन जातीच्या हेलिकॉप्टरांवर गेली. बॉम्बे हायच्या तेलफलाटांवर माणसं नेणारी हेलिकॉप्टरं त्यांच्या हाताखालून जायची. आता गुडघ्यांनी त्यांना घरात बसवलंय. दिवाळीत त्यांना सिम्युलेटरमधलं जुहू दाखवलं. थोडा वेळ बघून म्हणाले, "धावपट्टी आमची आहे, पण भोवतीचं गाव कुणाचं?"

बरोबरच होतं. कुंपणाबाहेर उतरत्या छपरांची टुमदार घरं, पुढे अंगण. पार्ल्यात असं घर शोधून दाखवा!

मग कामाला लागलो. एडिटरमध्येच मिळणारं उपग्रह-चित्र खाली ठेवून ०८/२६ आणि १६/३४ (दोन टोकांचे दिशादर्शक आकडे) या दोन्ही धावपट्ट्या, टॅक्सीवे आणि हेलिकॉप्टर उभी राहायच्या जागा आखल्या. हँगर फसाड (रेघ आखून उंची दिली की भिंती उभ्या करणारी वस्तू) वापरून उभे केले. बाहेरच्या घरांसाठी ओएसएमच्या (ओपनस्ट्रीटमॅप, लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) नकाशावरून बनवलेल्या इमारतींचं एक फुकट पॅक गेल्या आठवड्यात टाकलं. पार्लं एकदम पार्ल्यासारखं दिसायला लागलं, पण विमानतळ बिघडला. बाबांच्या हँगरच्या पत्र्यातून एक दुमजली इमारत वर आली आहे. एक्स्क्लुजन झोन (इतर पॅकमधल्या वस्तू पुसणारा चौकोन) घातलाय, तरी ती हलत नाही. शिवाय दोन पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे जमिनीला उंचवटा आलाय, सेसना त्यावरून उडी मारते.

तिसरी अडचण बाबांची. "हँगर फार उंच झालाय," म्हणतात. किती उंच, ते मला चित्रावरून कळत नाही, कारण उपग्रहाला छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही.

ब्रॅम्प्टनचा_भाऊ

पार्लेपूर्व, इमारतीचं कारण तुमच्याच मजकुरात आहे. पॅक "गेल्या आठवड्यात" टाकलंत. नवीन पॅक दिसलं की एक्स-प्लेन ते सीनरी पॅक्सच्या आयएनआय फाइलमध्ये आपणहून सगळ्यात वर लिहितो. एक्स्क्लुजन झोन फक्त आपल्या खालच्या पॅकमधल्या वस्तू पुसतो, वरच्या पॅकला तो हातही लावू शकत नाही. ओएसएममध्ये तुमचा हँगर "इमारत" म्हणून नोंदलेला असणार, म्हणून त्या पॅकने तिथे इमारत उभी केली. फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि जुहूची ओळ त्या पॅकच्या वर न्या. त्याखाली इमारतींचं पॅक, त्याखाली जमिनीचे फोटो असतील तर ते, आणि मेश (जमिनीचा उंचसखल आकार) अगदी तळाला. एक्स-प्लेन बंद असताना बदला, नाहीतर गोंधळ होतो.

झोन चौकोनी असतो आणि उत्तर-दक्षिण सरळच बसतो, तिरका होत नाही. ०८/२६ जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे, तिला एक लांबट चौकोन पुरेल. १६/३४ तिरकी आहे. तिच्यावर एकच मोठा चौकोन टाकलात तर कुंपणाबाहेरची अर्धी वस्ती गायब होईल. जिन्याच्या पायऱ्यांसारखे चार-पाच छोटे टाका. यात एक संध्याकाळ जाते, पण हे काम नीटच करावं लागतं.

उंचवट्याला विमानतळाच्या गुणधर्मांत "ऑलवेज फ्लॅटन"ची खूण आहे. जुहू समुद्रालगत, सपाट, तिथे ती चालेल. मात्र हद्दीची रेघ कुंपणाला चिकटून काढा, कारण सपाटी त्या रेघेपर्यंतच होते आणि दूरवर सैल रेघ ओढली तर कडेला भिंत तयार होते. चिपीसारख्या सड्यावरच्या विमानतळाला ही खूण लावायचं धाडस मी करणार नाही.

एवढं मन लावून करताय तर गेटवेला, म्हणजे लोकांनी बनवलेले विमानतळ गोळा करणाऱ्या एक्स-प्लेनच्या साइटला, पाठवा. स्वीकारलं गेलं की पुढच्या अपडेटमध्ये सगळ्यांच्या एक्स-प्लेनमध्ये येतं. अट एकच कडक आहे: एक्स-प्लेनच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या वस्तूच वापरायच्या. इमारतींचं ते पॅक घरी ठेवा, गेटवेला ते चालणार नाही.

शिकाऊ_धुळे

मी धुळ्याला उड्डाण शिकतेय, सीनरी बनवता येत नाही. पण एक विनंती, पट्टीचे आकडे आणि दिवे फार काळजीने करा. सांताक्रूझची (मुंबईचा मोठा विमानतळ) ०९ आणि जुहूची ०८ जवळपास एकाच दिशेला, मध्ये अंतर इतकं कमी की ही चूक खरोखर झाली आहे. १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तसंच उतरलं आणि पट्टी संपल्यावर पुढे गेलं. पट्टी जेमतेम साडेअकराशे मीटरची, तिथे एवढं जेट थांबणार कुठे? समुद्राकडून येताना या दोन पट्ट्या शेजारी कशा दिसतात हे मला तुमच्या सीनरीत एकदा बघायचंय. पावसाळी हवेत तर नक्की.

आणि जमलं तर १९३२ चं जुहू कधीतरी करा. टाटांची टपाल घेऊन जे. आर. डी. १५ ऑक्टोबरला कराचीहून अहमदाबादमार्गे तिथे उतरले, तेव्हा ती चिखलाची सपाटी होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची म्हणून मुक्काम पुण्याला हलवावा लागे.

पार्लेपूर्व

भाऊ, ओळ वर नेली आणि इमारत गेली! दोन महिन्यांत इतका आनंद झाला नव्हता. उंचवटाही गेला. १६/३४ ला सात चौकोन लागले.

हँगरच्या उंचीचं बाबांनीच सोडवलं. त्यांना विचारलं, दार केवढं होतं? मीटर त्यांना आठवेना. म्हणाले, "दोन डॉफिन शेजारी लावली की मधून टूल-ट्रॉली ढकलता यायची." डॉफिनच्या रोटरचा (वरच्या पंख्याचा) व्यास सुमारे १२ मीटर. म्हणजे दोन रोटर आणि ट्रॉली मिळून २६ मीटरच्या आसपास रुंदी. उपग्रह-चित्रावर मोजलं तर समोरची बाजू तेवढीच भरली. उंचीला ते हात वर करून उभे राहिले. "माझी शिडी टेकवली की पंख्याच्या हबपर्यंत, आणि हबच्या वर एवढंच." त्या "एवढंच"वरून मी फसाड दोन पायऱ्यांनी खाली आणला. आता हँगर बसका, रुंद दिसतो, आणि तसाच तो होता म्हणतात.

ताई, दिवे या आठवड्यात तपासतो, कबूल. ०८ चा आकडा मी चुकीच्या टोकाला रंगवला होता, तुमचा मजकूर वाचून लक्षात आलं.

काल रात्री सिम्युलेटरमधलं एस-७६ हेलिकॉप्टर घेऊन समुद्रावरून आलो आणि हँगरसमोर उतरवलं. बाबा खुर्ची ओढून बसले होते. म्हणाले, "आता नळ कुठाय? समुद्रावरून आलं की आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मीठ राहिलं तर सगळं खातं." लायब्ररीत पाण्याचा पाइप किंवा टाकी असं काही आहे का? गेटवेला पाठवण्याआधी दाराच्या डाव्या हाताला, त्यांनी दाखवलेल्या जागी, बसवायचंय.