विषय: पुन्हा: बाबांची मारुती – गंज, रंग आणि ऑगस्टचं पासिंग

प्रेषक: भाऊ

मंडळी, घाईत लिहितोय.

बाबांची मारुती 800, तिकडं कोल्हापुरात नागाळा पार्कातली. 2019 च्या पुरात सीटपर्यंत पाणी चढलेली, तीच. 22 ऑगस्टला पासिंग संपतंय. काल बाबांनी व्हिडिओवर गाडी दाखवली. चारही दारांच्या खालच्या कडेला रंगाला फोड आलेत, बॉनेटवरचे पापुद्रे सुटलेत, आणि ड्रायव्हरच्या बाजूला फूटबोर्डाखाली बोट दाबलं तर बोट आत गेलं. गेल्याच दिवाळीत एका गॅरेजात अख्खी रंगवून घेतली होती. रंग वर्षही टिकला नाही. आता तोच माणूस म्हणतो, चार दिवसांत पुट्टी भरून रंग मारून देतो. बाबांना गणपतीआधी गाडी पाहिजे.

उद्यमनगरात पत्र्याचा खात्रीचा माणूस कुणाच्या ओळखीत आहे का? आणि रंग आत्ता करावा की थांबावं?

---

प्रेषक: आबा

भाऊ, आत्ता रंग नको. मी रंगाच्या कामात आयुष्य काढलंय, म्हणून स्पष्ट सांगतो.

आषाढात कोल्हापूरची हवा ओलीचिंब असते. आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर गेली की रंग मारूच नये, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं, त्यापेक्षा) किमान 3 अंशांनी जास्त हवं. नाहीतर पत्र्यावर न दिसणारा ओलावा बसतो, आपण त्याच्यावरच रंग मारतो आणि तो आत अडकतो. बंद, गरम बूथ असेल तर गोष्ट वेगळी. पण पत्र्याच्या शेडमध्ये कंप्रेसर लावून जे चालतं, ते पावसाळ्यात नको.

दुसरं म्हणजे, फोड हा रंगाचा आजार नव्हे. खाली गंज वाढतो, तो लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि रंगाला वर उचलतो. वरून दिसतो त्यापेक्षा खाली बराच पसरलेला असतो. दिवाळीत त्या माणसानं गंज न काढता वर पुट्टी थापली असणार. पुट्टी पाणी शोषते. गंजावर पुट्टी म्हणजे जखमेवर ओला बोळा बांधून ठेवणं.

---

प्रेषक: वहिनी

भाऊजी, रंगाचं नंतर बघा, आधी पासिंगचं बघा. गाडी 2006 ची ना? 2021 ला पंधरा वर्षं भरली, तेव्हा पाच वर्षांचं नूतनीकरण मिळालं, ते आता संपतंय. नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे फॉर्म 25, मुदत संपायच्या आधी 60 दिवसांपासून भरता येतो, म्हणजे आत्ताच भरता येईल. पर्यावरण कर भरावा लागेल आणि गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागेल. नवा रंग लागतोच असं नाही, पण फूटबोर्डाला भोक असलेली गाडी नेऊ नका. आणि बाबांना सांगा, रंग आहे तोच ठेवा. बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

एक विनंती. गावाकडच्या गॅरेजवाल्यांची, प्लंबरची, नर्सिंगवाल्यांची यादी मी आणि ताईनं दोन वर्षं खपून केली आहे. प्रत्येक वेळी लिस्टवर नव्यानं विचारण्यापेक्षा ती उघडून बघा, आणि कुणाचा अनुभव आला तर तिच्यात भर घाला. नाहीतर ती यादी जुनी होऊन जाईल.

---

प्रेषक: अण्णा

कॅनडातल्या गंजाची पंचवीस वर्षं झाली, म्हणून लिहितो. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गाड्या खालून सडतात. आम्ही दर शरदात गाडीच्या पोकळ्यांत तेल फवारून घेतो. भाऊ, काहीही कर पण खालून ते डांबरासारखं काळं अंडरकोटिंग गंजावर मारू देऊ नकोस. माझ्या पहिल्या गाडीला मारलं होतं. वरून झकास दिसायची. तिसऱ्या हिवाळ्यात जॅक लावला तर तो सरळ पत्र्यात घुसला. कोटिंगच्या आत पाणी जाऊन बसलं होतं आणि मला दिसायला मार्गच नव्हता. तेल बरं. ते झिरपतं आणि खालचं झाकत नाही.

---

प्रेषक: तात्या (मु. पो. रंकाळा, गावी परत आल्यापासून)

अण्णा, तुमचं मीठ इकडं न्हाई. इकडं गाळ हाय, आणि तोच मुद्दा कुणी बोलेना.

पुराच्या वर्षी माझ्या मेहुण्याची गाडी शाहूपुरीत होती. पाणी उतरल्यावर धुऊन-पुसून चकाचक केली, सीटा वाळवल्या, सगळे खूश. दोन वर्षांनी दारं फुगली. मी स्वतः दाराच्या आतलं कव्हर काढून बगितलं. दाराच्या तळाला चार बोटं गाळ, वाळून खडूसारखा झालेला. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती सगळी बुजलेली. काचेवरनं पाऊस आत उतरतोच, त्याला जायला वाट न्हाई. मग दर पावसात तो गाळ भिजतो आणि महिनाभर ओला राहतो. फूटबोर्डाच्या पोकळीत तेच, स्टेपनीच्या खड्ड्यात तेच. कारपेटखालचा फोम वरून कोरडा लागतो, पिळला तर पाणी.

तवा भाऊ, पहिलं काम रंगाचं न्हाई. दारं उघडा, कारपेट बाहेर काढा, भोकं तारेनं मोकळी करा, आतनं पाण्याचा जोर मारून गाळ काढा, पंखा लावून वाळवा. ह्याला पाऊस आडवा येत न्हाई. मी येतो. बाबांना कळवा.

---

प्रेषक: आबा

तात्या, एकदम बरोबर, गाळाचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. फक्त नंतरचा क्रम सांभाळा.

फूटबोर्डाला पुट्टी नको, फायबर नको. पत्रा जिथं चांगला लागतो तिथपर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करायचा. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढायची, आणि पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघायचं. बाकी ठिकाणी गंज पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासायचा, तोही कोरडा. उघड्या पत्र्यावर पाणी लावून वॉटर पेपर मारणारा पेंटर दिसला तर काम थांबवा. मग दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर. गंज मारायचं आम्लाचं औषध लावून त्यावर थेट एपॉक्सी मारू देऊ नका, उरलेल्या आम्लानं तो धरत नाही. पुट्टी लागलीच तर एपॉक्सीच्या वर आणि पातळ. सगळं झाल्यावर पोकळीत मेण किंवा अण्णा म्हणतात तसं तेल.

प्रायमरही ओल्या हवेत नको. दोन दिवस उघडीप मिळाली, ऊन पडलं, की दुपारी उरकून घ्या.

---

प्रेषक: चिटणीस

सर्वांना नम्र विनंती: गणेशोत्सवाच्या हॉलच्या मेलला आतापर्यंत तीनच उत्तरं आली आहेत. शुक्रवारपर्यंत आगाऊ रक्कम भरायची आहे. गाडीची चर्चा चालू द्या, पण तेही उत्तर पाठवा.

---

प्रेषक: अण्णा

हॉलला माझं हो. आबा, जाड प्रायमर नुसता ठेवला तर पावसाळा काढेल का? माझ्या माहितीत उन्हानं एपॉक्सी खडूसारखा होतो.

---

प्रेषक: आबा

होतो, पण दोन-तीन महिन्यांत बिघडत नाही. आणि रंगाच्या आधी परत खरडून घ्यायचाच आहे.

---

प्रेषक: ताई

कुणीतरी मला खाजगीत लिहिलं की वीस वर्षांच्या मारुतीवर एवढा खर्च कशाला, भंगारात द्या. म्हणून इथंच उत्तर देते. माझ्या वडिलांची गाडी आम्ही इथून फोनवर विकली, त्यांच्या भल्यासाठी. त्यानंतर ते संध्याकाळी देवळात जायचे बंद झाले. रिक्षा सांगायला त्यांना संकोच वाटायचा, आणि आम्हाला ते फार उशिरा कळलं. भाऊ, खर्चाचा हिशेब कर, पण बाबांशी बोलून कर. आणि वहिनी, यादीत तात्यांचं दारांचं सगळं मी आजच घालते.

---

प्रेषक: भाऊ

बाबांशी तासभर बोललो. गणपतीत मामांना आणायला स्टेशनवर जायचंय, म्हणून घाई होती. गाडी दोन रंगांत दिसली तर चालेल म्हणाले, पण भोक बुजलं पाहिजे.

असं ठरलं: गाळ, वेल्डिंग, प्रायमर आत्ता. फॉर्म 25 आज रात्री भरतो. रंग नोव्हेंबरात. मी 9 तारखेच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाला येतोय, तेव्हा स्वतः उभा राहून करून घेईन. दिवाळीच्या त्या गॅरेजात परत जाणार नाही.

तात्या, शनिवारी सकाळी दहाला जमेल का? बाबा चहा ठेवतात. आणि पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या वर गेलं, तर दारं उघडलेली असली तरी गाडी आधी टेंबलाईच्या टेकडीवर न्या. 2021 ला तिथं नेली म्हणूनच वाचली होती.

---

प्रेषक: तात्या

येतो. दोरखंड बरोबर घेतो, बंद पडली तर ओढू. बाबांना म्हणावं चहा बिनसाखरेचा.