अनुभव धागा : दुचाकीवर डोळ्यांना काय लावता?

मंडळी, ऊन तापायला लागलं की रस्त्याकडेला गॉगलचे स्टँड उभे राहतात आणि दीडशे-दोनशेला मिळेल तो काळा गॉगल लोक उचलतात. हेल्मेट घेताना आयएसआयचा शिक्का बघणारा माणूसही गॉगल घेताना फक्त आरशात बघतो. मला हे मनापासून खटकतं. माझं मत आधीच सांगून टाकते : दुचाकीवर चष्म्याचं पहिलं काम वारा, धूळ आणि उडता खडा अडवायचं. ऊन त्यानंतर. तुम्ही रोज कोणत्या रस्त्यानं, किती वाजता जाता, हेल्मेट कोणतं आणि त्यावरून काय निवडलंत ते सविस्तर लिहा. टाकून दिलेल्या वस्तूंबद्दलही लिहा, त्याचा जास्त उपयोग होतो.

शिक्षिका, कराडजवळचं गाव

ताई, आमच्याकडे ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लागतात आणि रस्ताभर पाचट उडत असतं. माझी स्कूटर, हेल्मेट उघड्या तोंडाचं. एका संध्याकाळी ट्रॉलीच्या मागं असताना डोळ्यात काहीतरी गेलं. चोळलं नाही, गाडी कडेला घेऊन बाटलीतलं पाणी सोडलं, तरी कचकच थांबेना. डॉक्टरांनी वरची पापणी उलटी केली, तर आत पाचटाचं बारीक कुसळ अडकलेलं. मग पिवळ्या रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात पाहिलं. बुबुळावर उभा ओरखडा हिरवा चमकत होता, तो त्यांनी मोबाईलवर फोटो काढून मला दाखवला. म्हणाले, पापणी मिटली की ते कुसळ दर वेळी तिथंच घासत होतं.

तेव्हापासून हार्डवेअरच्या दुकानात कारखान्यातल्या कामगारांसाठी मिळतो तो बिनरंगी सेफ्टी चष्मा वापरते. पॉलिकार्बोनेटचा, बाजूनं झाकलेला, काडीवर झेड-८७ ही सेफ्टी चष्म्याच्या अमेरिकी मानकाची खूण कोरलेली. रंग नसला तरी हे प्लास्टिक अतिनील किरण बरेचसे अडवतं, हे मला नंतर कळलं. अंधार पडला तरी काढावा लागत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. दिसायला साधा आहे, पण शाळेतल्या आणखी दोघींनी आता तोच घेतला.

डिलिव्हरीचं काम, पुणे

आपली पाळी संध्याकाळी सुरू होते, मध्यरात्री संपते. त्यामुळं काळ्या काचेचा प्रश्नच नाही. सिग्नलला 'नाइट व्हिजन' म्हणून पिवळे चष्मे विकतात, ते घेऊ नका. समोरचा दिवा थोडा सौम्य वाटतो खरा, पण काच एकूण उजेडच कमी करते, आणि काळे कपडे घालून रस्ता ओलांडणारा माणूस आणखी उशिरा दिसतो. माझा सगळा भर हेल्मेटच्या व्हायझरवर आहे. पारदर्शक हवा आणि चरे नकोत. चरे पडले की समोरच्या प्रत्येक दिव्याला काटे फुटतात. नवीन व्हायझर काही शेकड्यांत मिळतो, मी तो पावसाळ्याआधी बदलतोच.

चष्म्याचं दुकान, कोल्हापूर

काच जितकी काळी तितकं संरक्षण जास्त, असं समजणारं गिऱ्हाईक दुकानात रोज येतं. खरं उलट घडू शकतं. गडद काचेमागं डोळ्याची बाहुली मोठी होते. त्या काचेत अतिनील किरण अडवायची सोय नसेल तर ते जास्तच आत शिरतात. म्हणून आधी यूव्ही ४०० विचारा, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. नुसत्या स्टिकरवर विसंबू नका. बऱ्याच दुकानांत हे किरण मोजायचा मीटर असतो, काच त्याखाली धरायला सांगा.

दुसरं, चांगल्या गॉगलच्या काडीवर आतून ० ते ४ मधला एक आकडा असतो. ३ म्हणजे ८ ते १८ टक्के उजेड आत येतो, भर उन्हात गाडी चालवायला तो बरा. ४ नंबरच्या काचेतून ३ ते ८ टक्केच येतो, तो लावून गाडी चालवूच नये. रंग करडा किंवा तपकिरी घ्या. निळ्या-लाल काचांनी सिग्नलचे रंग बदलतात. आणि उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा : त्या अतिनील किरणांनीच काळ्या होतात आणि बंद व्हायझर ते किरण आधीच अडवतो. हेल्मेटच्या आत त्या फारशा गडद होणार नाहीत.

*धागाकर्ती :* हे शेवटचं फार कामाचं आहे, दादा. पोलराइज्डबद्दल कोणी सांगेल का?

मोटारसायकल पायलट, म्हापसा

मी सांगतो. पिवळ्या-काळ्या गाडीवर पाशिंजर नेतो. दुपारी मांडवीच्या पुलावर पाण्यावरून येणारी तिरीप पोलराइज्ड काच साफ कापते, डोळे दुखायचे थांबतात. पण पावसाळ्यात मी ती घालत नाही. ओल्या डांबरावर तेल सांडलेलं आपल्याला त्याच्या चकाकीवरून ओळखू येतं, आणि ही काच नेमकी ती चकाकीच खाते. मागं माणूस बसलेला असताना मला ते नको. काही गाड्यांचा डिजिटल मीटरही तिच्यातून काळा दिसतो. विकत घेण्याआधी गॉगल लावून आपल्या मीटरकडं आणि मोबाईलकडं बघा, मान तिरकी करूनही बघा.

नाशिक, लडाखला जाऊन आलेला

तिथली खारदुंग ला ही खिंड पाच हजार मीटरच्या वर आहे. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत डोळ्यांवर फेकतो. आमच्यातल्या एकानं बर्फात खेळताना गॉगल डोक्यावर सरकवला होता. दिवसभर काही नाही, रात्री मात्र डोळ्यात वाळू भरल्यासारखं चुरचुरायला लागलं आणि दिवा बघवेना. दोन दिवस तो मागच्या गाडीतून आला.

उणे सहा नंबर, मुळशी

जाड नंबरवाल्यांनी खूप वळणदार गॉगलमध्ये नंबर बसवून घेण्याआधी विचार करावा. माझ्या नंबरला कडेचं सगळं वाकडं दिसायचं, आरशातली गाडी किती लांब आहे ते कळेना. आता साधा नंबरचा चष्मा, आणि हनुवटीकडचा भाग वर उचलता येणारं हेल्मेट, ज्यात आतून खाली येणारी काळी काच आहे. चष्मा न काढता हेल्मेट घालता येतं. काड्या सरळ आणि पातळ घेतल्या, जाड काडी कानावर दाबते आणि तासाभरात डोकं धरतं. खरेदीला हेल्मेट घेऊनच जा. ताम्हिणीत धुक्यात काचा वाफेनं भरतात, तेव्हा व्हायझर एक खाच उघडा ठेवतो. व्हायझरला आतून पिनलॉकची पट्टी लावल्यापासून तो तरी भरत नाही.

शिक्षिका, कराडजवळचं गाव

कोल्हापूरच्या दादांना एक विचारायचं होतं. माझा चष्मा ओढणीनं पुसून पुसून धुरकट झालाय, काय करू?

चष्म्याचं दुकान, कोल्हापूर

ताई, पॉलिकार्बोनेट मजबूत असलं तरी मऊ असतं, आणि ओढणीवरची धूळच त्याला घासते. आधी नळाखाली धरा, बोटानं साबणाचा एक थेंब फिरवा, धुऊन टाका, मग स्वच्छ सुती फडक्यानं टिपा. आत्ताचा मात्र बदलाच, आणि नवा घेताना चरे न पडणारं कोटिंग आहे का ते विचारून घ्या.