दादर ज्वारीची बिअर: माल्ट-यीस्ट दुकानातून की ऑनलाइन? (तातडीचं, आषाढ संपायच्या आत)

चोपड्याचा भाऊ (सध्या चोपड्यातच, अमेरिकेला परतीचं विमान २६ तारखेला)

नमस्कार मंडळी,

ठरल्याप्रमाणे मंडळाच्या पिकनिकची ४० लिटर बिअर माझ्याकडे. गेल्या वर्षीसारखं यंदा होऊ द्यायचं नाही, म्हणून आत्ताच विचारतोय. आज-उद्यात उत्तर द्या.

आईने परवा रात्री ५ किलो दादर भिजत घातली, बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी घालते तशीच. काल पाणी काढून ओल्या फडक्यात बांधली आणि माठाच्या बाजूला ठेवली. आज सकाळी गाठ सोडली तर दाण्यादाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका होता, टाचणीच्या डोक्याएवढा. वास काकडी चिरल्यासारखा. अजून चार दिवस कोंब वाढू द्यायचे, गच्चीवर वाळवायचं आणि दादरचं माल्ट म्हणून बॅगेत आणायचं असं डोक्यात आहे. पाऊस अजून लागलेला नाही, ऊन कडक आहे.

प्रश्न उरलेल्या सामानाचा. बार्लीचं माल्ट, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), यीस्ट, थर्मामीटर हे सगळं ऑनलाइन मागवलं तर मी उतरायच्या आधी दाराशी येऊन पडेल आणि पैसेही थोडे वाचतील. हायवेजवळच्या बिअर-सामानाच्या दुकानातून घ्यायचं तर उतरल्यावर जावं लागेल, म्हणजे आठवडा जाणार. कोणाचा काय अनुभव?

धुळ्याचा दादा

भाऊ, यीस्ट ऑनलाइन मागवू नकोस. बाकीचं नंतर बोलू.

गेल्या वर्षी २० लिटर वाया गेली ती त्यामुळेच. पातळ यीस्टचं पाकीट होतं. जुलैचा महिना, टपालाच्या गाडीत दिवसभर तापलेलं, त्यात शनिवार-रविवार डेपोत पडून. हातात आलं तेव्हा फुगलेलं होतं. मी टाकलं. तीन दिवस बुधल्याच्या तोंडावरच्या एअरलॉकमध्ये एक बुडबुडा नाही, चौथ्या दिवशी वर पांढरी साय, आणि सगळं आंबट. विकणाऱ्याने दुसरं पाकीट पाठवलं, पण माल्टचं २० लिटर गोड पाणी मी उकळलं होतं, पाच तास उभा राहून. ते कोण भरून देणार?

दुकानात यीस्ट फ्रीजमध्ये असतं. पाकीट उलटून तारीख बघता येते. माझे वडील कपाशीचं बी घ्यायचे तेव्हा पिशवीवरचा लॉट नंबर आणि मुदत वाचल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत, पावती वहीत चिकटवायचे. बी उगवलं नाही तर तक्रार कुठे करायची हे त्या पावतीवरच असतं. यीस्टही बीच आहे, जिवंत वस्तू. डोळ्यांनी बघून घे.

खजिनदार (मूळ भुसावळ)

दोन गोष्टी आत्ताच स्पष्ट करतो.

एक, बिल कुठूनही आणा, पण एकच आणा आणि मंडळाच्या नावावर आणा. मागच्या वेळी सात पावत्या आल्या, त्यातल्या दोन किराण्याच्या होत्या.

दोन, पिकनिकच्या कुपनात बिअर धरायची नाही. अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्राच्या कायद्याने परवानगी मिळाली ती फेब्रुवारी १९७९ पासून. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोघे किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. पण विकायची नाही. कुपनाच्या पैशात बिअर आली की ती विक्री म्हणून दाखवता येते. सामानाचा खर्च ज्यांना प्यायची आहे त्यांनी वर्गणी काढून द्यावा, मंडळाच्या खात्यातून नको. पार्कात मद्य चालतं का तेही लेखी विचारून घ्या, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत.

यावलच्या वहिनी

खजिनदार म्हणतात एकच बिल मंडळाच्या नावावर, आणि लगेच म्हणतात मंडळाच्या खात्यातून नको. नेमकं काय करायचं ते ठरवून सांगा.

माझं म्हणणं वेगळं आहे. पिकनिक आषाढात आहे, श्रावणात बरीच घरं घेत नाहीत, म्हणून तारीख अलीकडे घेतली. ते बरोबर केलं. पण मोठं पातेलं मी देणार नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसणार, त्या पातेल्यात खीर होते. गेल्या वर्षी न विचारता नेलं आणि परत आलं तेव्हा त्याला हॉप्सचा कडू वास होता. तीन वेळा चिंच लावून घासलं तेव्हा गेला. कानबाईच्या भांड्यात बिअर शिजणार नाही. राग मानू नका, यावर चर्चाही नको.

आणि माझ्या मुलीला ग्लूटेन चालत नाही. ‘ज्वारीची बिअर, सगळ्यांना चालते’ असं गेल्या वर्षी पाटीवर लिहिलं होतं. त्यात बार्ली होती, आणि बार्लीत ग्लूटेन असतं. या वेळी पाटीवर ‘बार्ली आहे’ हे मोठ्या अक्षरात लिहा.

शिरपूरचे नाना

चोपड्याच्या भाऊला आधी सांगतो, कोंब वाढवू नकोस. आज ठिपका आहे तिथेच थांब. आईला सांग, ती दादर बिबड्यांना घे.

गावाकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर खोडव्याला फुटलेले कोंब खाऊन गुरं दगावतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. माझ्या काकांची गाय अशीच गेली. सकाळी बांधावर चरली आणि अर्ध्या तासात पाय ताणून पडली. ज्वारीच्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. कोरड्या दाण्यात ते नावापुरतं असतं, कोंब फुटला की वाढत जातं. ज्वारीचं माल्ट आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या करतात, पण ते नीट वाळवतात, भाजतात, मोड आणि मुळं चोळून काढून टाकतात. गच्चीवरच्या उन्हात पहिल्यांदाच करणाऱ्याने ६० माणसांसाठी हा प्रयोग करू नये.

दुसरं, इतकं करूनही तुझं काम होणार नाही. बार्लीचा स्टार्च ६० ते ६५ अंशांना फुलतो, म्हणून ६६ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवला की माल्टमधली एन्झाइम्स त्याची साखर करतात. ज्वारीचा स्टार्च फुलायला ७० च्या आसपास आणि त्याच्याही वर जावं लागतं. तिथे एन्झाइम्स मरायला लागतात. म्हणजे साखर करणारे हात थकल्यावर दार उघडतं. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्लीच्या माल्टची आयात बंद केली आणि तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांना ज्वारीवर यावं लागलं. त्यांनाही बाहेरून एन्झाइम घालावं लागलं.

मी तिकडे अमेरिकेत २२ वर्षं घरी बिअर केली. माझी पद्धत साधी. दादर कोरडीच घ्यायची, गिरणीत भरडायची, भाकरीचं पीठ नको, कण्या हव्यात. त्या कण्या भरपूर पाण्यात अर्धा तास रटरट शिजवायच्या, घरी ताकातल्या कण्या करतो त्याहून पातळ. सारख्या ढवळायच्या, तळाला लागल्या की जळका वास शेवटपर्यंत राहतो. मग थोड्या निवू द्यायच्या आणि बार्लीच्या माल्टमध्ये मिसळायच्या. सगळं मिळून ६६ अंशांवर आलं पाहिजे. बार्लीच्या माल्टमध्ये स्वतःला पुरून उरेल एवढं एन्झाइम असतं, ते ज्वारीचंही काम करतं. ४० लिटरला ६ किलो बार्लीचं माल्ट आणि ३ ते ३.५ किलो कण्या पुष्कळ झाल्या.

ज्वारीला बार्लीसारखं टरफल नसतं, त्यामुळे गाळताना लगदा बसतो आणि थेंबही खाली येत नाही. दुकानात भाताचं तूस मिळतं, अर्धा किलो मिसळ. हे तूस ऑनलाइन मागवलं तर खोकं खाटेएवढं आणि वजन उशीएवढं. पाठवणावळ मालापेक्षा जास्त पडते.

कण्या नेताना विमानतळावर डिक्लेअर करायच्याच. भरडलेल्या असल्या, उगवणार नसल्या तरी. अख्खं धान्य नेऊ नकोस. शेवटी अधिकारी ठरवेल ते.

इथे शिरपुरात मी आता काही करत नाही, आणि तूही तिथे चोपड्यात करून बघू नकोस. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय चालत नाही.

अमळनेरचे आबा

नानांशी सहमत. पण एक विचारायचं राहिलं. चोपड्याच्या भाऊची दादर कुठली आहे?

मागच्या हिवाळ्यात मी अमेरिकेतच ऑनलाइन ‘खान्देशी दादर’ मागवली. पाकिटावर तापीचा फोटो. दाणा बघितला तेव्हाच शंका आली, भाकरी थापताना खात्री झाली. तव्यावर कडा तडकल्या. मालदांडीही चांगलीच ज्वारी आहे, सोलापूरवाल्यांनी खुशाल अभिमान बाळगावा, पण ती दादर नाही. दादर तापीकाठच्या काळ्या जमिनीत, रब्बीत, जमिनीतल्या ओलीवर येते. तिच्या पिठाला चिकटा असतो, भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. माल ऑनलाइन घेण्यात हाच धोका आहे. यीस्ट असो की ज्वारी, दाणा तळहातावर घेऊन दाताखाली फोडून बघता येत नाही.

आणि कोणी घाईत कृषी केंद्रातून बियाण्याची पिशवी आणू नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, लाल-गुलाबी रंग असतो. ते खायचं नसतं.

धुळ्याचा दादा

आबा, दादर शिंदखेड्यातही येते आणि उत्तम येते. तापी आमच्या बाजूलाही आहे. १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हापासून पूर्व खान्देशवाल्यांनी सगळं आपल्या नावावर करून घेतलंय.

अमळनेरचे आबा

कोणी नाही म्हटलंय? शिंदखेड्याची असेल तर तसं पाकिटावर लिहा. गाव लिहिलं की माणूस विश्वास ठेवतो.

भडगावकर (पहिल्यांदाच लिहितोय)

मी ऑनलाइनच्या बाजूने बोलतो, कारण इथे कोणी बोलत नाहीये. माझ्या गावाजवळचं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद झालं. आता सगळ्यात जवळचं सव्वादोन तासांवर आहे. मी कोरडं यीस्ट मागवतो, ११.५ ग्रॅमचं पाकीट. कोरडं यीस्ट उन्हाने पातळ यीस्टासारखं चटकन मरत नाही, आणि एक पाकीट २० लिटरला पुरतं. हॉप्स हवाबंद पाकिटात येतात, आल्याबरोबर फ्रीजरमध्ये टाकतो. थर्मामीटर, नळ, पाइप, बाटल्यांची झाकणं हे सगळं ऑनलाइनच घ्या, त्यात काही नासत नाही. फक्त काचेचा मोठा बुधला मागवू नका. माझा फुटून आला, आणि खोकं उघडताना बायकोचा अंगठा कापला. तीन टाके पडले. प्लास्टिकचा घ्या.

माल्टचं मात्र दादा म्हणतो ते खरं. दळून आलेलं माल्ट किती दिवस गोदामात होतं ते कळत नाही. दळलं की त्याचा वास उडायला लागतो.

चोपड्याचा भाऊ

सगळ्यांचे मनापासून आभार. नाना, विशेष तुमचे. गायीची गोष्ट आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, “मी सांगणारच होते, पण म्हटलं शिकलेली माणसं आहेत, माहीत असेल.” भिजलेली दादर लगेच बिबड्यांना लावली. आत्ता गच्चीवर साडीवर वाळताहेत. वीस-पंचवीस बिबडे वहिनींसाठी आणतो. पातेल्याबद्दल चुकलं, मी त्या दिवशी घाईत होतो, विचारायला हवं होतं. या वेळी स्वतःचं विकत घेतो.

आबा, दादर घरची आहे, आमच्याच शेतातली. काल ४ किलो गिरणीत भरडून आणली. पहिल्यांदा फार बारीक आली, पीठच झालं. गिरणीवाल्याला परत पाट उचलायला लावला तेव्हा कण्या नीट पडल्या. मुठीत दाबल्या की सुटतात, चिकटत नाहीत.

ठरलं ते असं. माल्ट, यीस्ट, हॉप्स, तूस दुकानातून. थर्मामीटर आणि नळ आज ऑनलाइन टाकले. खजिनदार, वर्गणीतूनच घेऊ, मंडळाच्या नावावर बिल नको.

आता वेळेचा हिशोब. दोन आठवडे आंबायला, बाटलीत गॅस धरायला दोन आठवडे. मी २७ ला पोचतो, त्याच दिवशी लावलं तरच आषाढात बसतं. दुकान रविवारी बंद आणि शनिवारी ५ पर्यंतच. कोणीतरी शनिवारी जाऊन आणेल का?

पाचोऱ्याची ताई

शनिवारी मी त्याच रस्त्याने जाते, मुलाचा क्लास असतो. ६ किलो माल्ट, कोरड्या यीस्टची २ पाकिटं, तूस अर्धा किलो. हॉप्स कुठले आणि किती ते लिही. माल्ट दुकानातच दळून घेऊ की अख्खं आणू?

चोपड्याचा भाऊ

ताई, दळूनच घे. त्यांची चक्की चांगली आहे, टरफल अख्खं राहतं आणि आतला दाणा फुटतो. चक्कीतून पहिली मूठ बाहेर आली की बघ. टरफलाचं पीठ झालेलं दिसलं तर तिथेच थांबव आणि फट वाढवायला सांग. हॉप्सचं रात्री लिहितो, आत्ता वीज जायची वेळ झाली. यीस्टवरची तारीख बघायला विसरू नकोस.

यावलच्या वहिनी

बिबडे कपड्यांच्या बॅगेत घालू नकोस, चुरा होतो. स्टीलच्या डब्यात आण.