ऑडन, ब्रॉडस्की, हीनी: तीन विलापिका, एकच ठेका?

सायली_वाचते: इंग्रजी कवी ऑडनची आयरिश कवी येट्सवरची (१९३९), रशियन कवी ब्रॉडस्कीची इंग्रजी कवी एलियटवरची (१९६५) आणि आयरिश कवी हीनीची ब्रॉडस्कीवरची विलापिका एकाच चालीवर आहेत म्हणतात. मला ऑडनच्या मुक्त ओळींत ती चाल सापडत नाही. शिवाय माझ्या दोन प्रतींत कडव्यांची संख्या वेगळी आहे. मराठीत आणायची तर वृत्त कोणतं घ्यावं?

लगक्रम: चाल फक्त तिसऱ्या भागात आहे. पहिला भाग मोकळ्या, लांब ओळींचा: गोठलेले ओढे, ओस विमानतळ. दुसऱ्यात येट्सशी थेट बोलणं. हा दुसरा भाग मार्च १९३९ च्या पहिल्या छपाईत नव्हता, नंतर आला. तिसऱ्यात ओळीला सात अक्षरं, आघात १, ३, ५, ७ वर, आणि दोन-दोन ओळींचं यमक. ब्लेकच्या वाघावरच्या कवितेचीही हीच चाल, आणि येट्सच्या ‘अंडर बेन बुल्बेन’ कवितेचीही जवळपास हीच. म्हणजे येट्सला निरोप त्याच्याच ठेक्यात दिलाय!

प्रतींचं म्हणाल तर या भागात मुळात नऊ कडवी होती. काळ किपलिंग आणि क्लोदेल या लेखकांना त्यांच्या मतांबद्दल माफ करतो असं सांगणारी सलग तीन ऑडनने पुढे गाळली. अनुवादाला नऊ कडव्यांची प्रत घ्या. भाषा जिवंत ठेवणाऱ्यांना काळ क्षमा करतो, हा विचार त्या तीन कडव्यांतच आहे, आणि ब्रॉडस्कीला ऑडनकडे ओढणारा विचार हाच.

उत्तरध्रुव: एलियटवरची विलापिका लिहिली तेव्हा ब्रॉडस्की उत्तर रशियात, अर्खांगेल्स्क भागातल्या नोरेन्स्काया गावात हद्दपारीत होता. एलियट ४ जानेवारीला गेला; कवितेखाली तारीख आहे १२ जानेवारी १९६५. ब्रॉडस्कीनेही तीन भाग केले आणि तिसरा याच ठेक्यात बांधला. तो स्वतः २८ जानेवारी १९९६ ला गेला. येट्सच्या मृत्यूचीही तारीख २८ जानेवारीच. हीनी हा योग पकडतो आणि सुरुवातीलाच ‘जोसेफ’ला सांगतो, हा ठेका तुझ्या ओळखीचा आहे.

लगक्रम: आता वृत्त. आघाताला गुरू (गा, दोन मात्रा), अनाघाताला लघू (ल, एक मात्रा) असं बसवू नका. गालगालगालगा होतं, तीन-तीन मात्रांचा दादरा तालासारखा झोका येतो आणि शवयात्रेची चाल जाते. त्यापेक्षा पादाकुलक या मात्रावृत्ताच्या ओळीतल्या सोळांपैकी शेवटच्या दोन मात्रा मोकळ्या सोडा: ४+४+४+२. उदाहरणार्थ ‘थंडीमध्ये शब्द थिजे’. चार ठोके राहतात, शेवटी श्वास मिळतो. ओळ गुरूवरच संपवा. क्रियापदं शेवटी ढकलून ‘होते–नव्हते’ची यमकं जुळवलीत तर तिसऱ्या कडव्यापासून कंटाळा येतो, नामं शेवटी आणा. शब्द सुटला तरी चालेल, ठेका सुटू देऊ नका.